जावईबापू आर्जव करतात

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीमागे ज्याची उभी हयात गेली, त्याला विनवणी म्हणजे काय हे शिकवायची गरज नसते, असं जावईबापूंचं प्रामाणिक मत होतं. सकाळी खिडकी उघडली की समोर लोक उभेच असत. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या नळाला आहे पण ते चहाच्या रंगाचं, कुणाचं मीटर घराला कुलूप असतानाही पळतंय. लोक गळ घालत, हातापाया पडत, काकुळतीला येत, आणि जावईबापू चष्म्यावरून बघत म्हणत, "बघतो." या एका शब्दावर त्यांनी नोकरी काढली होती. तो ऐकून माणूस निघूनही जाई आणि थोडी आशाही घेऊन जाई, त्यामुळे खात्यात त्यांना मान होता. स्वतः कुणापुढे तोंड वेंगाडायची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नव्हती. लग्नसुद्धा मुलीकडच्यांनीच आपणहून विचारल्यामुळे झालं होतं.

ती वेळ शेवटी आली, आणि तीही सासरेबुवांमुळे. वास्तविक रुसायचं जावयाने आणि समजूत काढायची सासऱ्याने, असं जगात सगळीकडे चालतं. जावईबापूंच्या वाट्याला मात्र सगळंच उफराटं आलं.

सासरेबुवा म्हणजे भाषेचे निवृत्त मास्तर. दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे आणि निवृत्तीपासून एक शब्दकोश रचत बसायचे. इतकी वर्षं खपूनही त्यांची गाडी अजून 'आ'वरच होती, कारण एकेका शब्दाशी त्यांचा महिना महिना संसार चाले. त्यांच्या एका डोळ्याने फार पूर्वीच कामाचा राजीनामा दिला होता. उरलेल्यात मोतीबिंदू होता आणि तो पार पिकला होता. आता लांबवलंत तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, दहा-बारा दिवसांनंतरच्या मंगळवारची तारीख दिली, आणि ऑपरेशननंतर त्यांनी लेकीकडे राहायचं हेही ठरलं. मग जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तो कोश राहू द्या आता. डोळा सांभाळा. कोण वाचणार आहे तो?"

सासरेबुवांनी हात धुतला, चपला घातल्या आणि अर्ध्या ताटावरून निघून गेले. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की आता मला कुणी आर्जवाने बोलावलं तरच या घरी येईन आणि तरच ऑपरेशन करून घेईन. प्रत्येकाने ते वर येऊन कळवलं.

"मी मुळीच जाणार नाही," बायको म्हणाली. तिचं नाक आणि तिचा स्वभाव, दोन्ही वडिलांवर गेले होते. "त्यांच्या काळजीपोटीच बोलले ना मी? तुम्ही जा. आणि हे बघा, मी पाठवलंय म्हणून सांगू नका."

"मग कुणी पाठवलं म्हणून सांगू?"

"तुम्ही आपणहून गेलात म्हणायचं."

"मी आपणहून कुठे जातो कधी?" जावईबापूंनी मनापासून विचारलं. यावर बायकोने त्यांच्या हातात छत्री दिली.

सासरेबुवांनी दार उघडलं ते जावईबापूंचा खोकला ऐकून. "या जावईबापू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द नेहमीच जरा तिरका येत असे.

"बाबा, बॅग भरा. मंगळवारी ऑपरेशन आहे."

"ही सूचना झाली."

जावईबापूंनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. "बाबा, कृपा करून चला."

"ही विनंती. विनंती पाटीवर रंगवता येते. गवतावर चालू नये ही विनंती. कोण करतंय ते कळत नाही आणि कुणाला तेही कळत नाही."

"बाबा, पाया पडतो तुमच्या. माझी घरी काय अवस्था झालीय तुम्हाला कल्पना नाही. मला दोन्हीकडून बोलणी बसतात हो."

"या गयावया," सासरेबुवा समाधानाने म्हणाले. वर्गात एखाद्या पोराने हुकमी चूक करावी तसा त्यांचा चेहरा खुलला. "गयावया करताना माणूस स्वतःची कातडी वाचवत असतो. आर्जव वेगळं. शब्द मुळात संस्कृत. ऋजु म्हणजे सरळ, त्यावरून आर्जव म्हणजे सरळपणा. आपल्याकडे येईपर्यंत तो मनधरणीकडे वळला. आर्जवात हक्क असतो, पण तो दाखवायचा नसतो. समोरचा नाही म्हणाला तरी पुन्हा विचारायचं असतं आणि रागवायचं नसतं."

"उदाहरणार्थ?"

"तिथेच तर घोडं अडलंय. अर्थ तयार आहे, उपयोग मिळत नाही. जिवंत माणसाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य हवंय मला."

जावईबापूंनी खोलीभर नजर फिरवली. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. "एवढ्यांत एकही नाही?"

"पुस्तकातलं नको," सासरेबुवा जरा घाईनेच म्हणाले आणि चहा ओतायला उठले. कपाच्या आत त्यांनी बोट वाकवून धरलं होतं, आणि चहा बोटाला लागला तेव्हा ओतायचे थांबले. जावईबापूंनी पटकन भिंतीकडे बघितलं. चहा पिऊन ते एकटेच परत आले. छत्री तिथेच राहिली.

बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही, आणि सल्ले द्यायला तर कुणाचं काही जातच नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, "तुम्ही बोलता तिथेच सगळं बिघडतं. तोंडच उघडू नका. त्यांच्या दारात नुसते बसून राहा. माणसाला पाझर फुटतो." काकूंनी आपल्या दिरांना असंच वठणीवर आणलं होतं म्हणे.

जावईबापू रविवारी सासरेबुवांच्या दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. आत सासरेबुवा दुपारची झोप घेत होते आणि त्यांना ऐकू येईल असा खोकला आर्जवात बसतो की नाही याची जावईबापूंना खात्री नव्हती. दूधवाला त्यांना ओलांडून वर गेला. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, थबकल्या, आणि काही न विचारता त्यांच्या हातात दोन बिस्किटं ठेवून गेल्या. मग आणखी कुणीतरी पाणी आणून दिलं. संध्याकाळी सासरेबुवांनी दार उघडलं, समोरून त्यांच्याकडे बघितलं, कोण आहे ते कळेना म्हणून क्षणभर थांबले आणि "आज काही नको" म्हणून दार लावून घेतलं. जावईबापू घरी पोचले तेव्हा त्यांच्या बायकोभोवती चार बायका बसल्या होत्या. नवऱ्याला घराबाहेर का काढलंत, एवढं काय झालं, होतं असं संसारात, वगैरे बोलणं चाललं होतं.

"तुम्ही गप्प बसूनसुद्धा माझी अब्रू घालवता," बायको म्हणाली.

दुसरा सल्ला तळमजल्यावरच्या माजी बँक मॅनेजरांचा. हे गृहस्थ रोज सकाळी बाहेर खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला निकालात काढत. "त्यांना उदाहरण हवंय ना?" ते म्हणाले. "मग तुमच्या खिडकीवर काय दुष्काळ आहे? ऑफिसात न्या, बाकावर बसवा. दहा माणसं रडतील, त्यांतलं एखादं पसंत पडेल. कोशाचं अडलेलं सुटलं की माणूस खूश. मग तसाच रिक्षात घाला आणि परस्पर दवाखान्यात न्या. नाही तरी ऑपरेशनआधीच्या तपासण्या बुधवारी आहेत ना? त्याच दिवशी न्या."

योजना खरोखर चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. सासरेबुवाही चटकन तयार झाले. ठरल्या दिवशी सकाळी ते काळा चष्मा लावून, हातात काठी घेऊन तक्रार खिडकीजवळच्या बाकावर ताठ बसले. ऑफिसातले लोक त्यांना वरून आलेले तपासनीस समजले आणि सगळी टेबलं एकदम कामाला लागली.

पहिली बाई म्हणाली, "साहेब, आज पाणी आलं नाही तर मी तुमच्या वरच्यांकडे जाईन."

"ही धमकी," बाकावरून आवाज आला.

मागचा माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, या खात्यात तुमच्यासारखा देवमाणूस दुसरा नाही."

"हा लाळघोटेपणा. असं नाही बोलायचं. जरा जवळ या. हात सोडा ते. घरी कोण असतं तुमच्या?"

"म्हातारी आई असते."

"मग तिचं सांगा की यांना. पाणी नसल्यावर ती काय करते?"

तो माणूस आईचं सांगू लागला. जिन्यावर बादली ठेवून ती एकेका पायरीवर कशी बसते, आणि मुलाला कळू नये म्हणून तो घरी यायच्या आत कशी भरून ठेवते, ते त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. जावईबापूंनी "बघतो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून काही निघेचना. त्यांनी फोन उचलला आणि माणूस पाठवला. हे बघून मागच्याने आपल्या बायकोच्या पाठदुखीचं सांगितलं. तिथेही माणूस पाठवावा लागला. शेजारच्या घरपट्टीच्या खिडकीवरचे लोक रांग सोडून इकडे आले. सासरेबुवा प्रत्येकाला आधी बाकावर बसवून त्याचं वाक्य नीट करून देत आणि मगच खिडकीवर सोडत. दुपारपर्यंत खात्यात एकही प्लंबर शिल्लक उरला नाही.

"बाबा, तपासणीची वेळ होतेय. निघू या," जावईबापू खिडकीतून डोकं काढून कुजबुजले.

"अजून मिळालेलं नाही," सासरेबुवा म्हणाले. "रांग चांगली आहे. थांबा."

मग मोठे साहेब बाहेर आले.

"हे कोण?"

"माझे सासरे."

"इथे काय करताहेत?"

"उदाहरण शोधताहेत, साहेब."

साहेबांनी जावईबापूंना आत बोलावून जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यात कोशात नसलेले बरेच शब्द होते. खुलासा लेखी मागितला गेला. जावईबापू बाहेर आले तेव्हा दवाखान्याची वेळ टळून गेली होती, आणि सासरेबुवा काठी टेकत निघायच्या तयारीत उभे होते.

"तुमच्याकडे आर्जव नाही," ते म्हणाले. "खिडकी आहे. खिडकीपुढे माणूस वाकतो. वाकल्यावर सरळ बोलणं कठीण." आणि ते घरी निघून गेले.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. पेशंट तपासणीला न आल्यामुळे मंगळवारचं नाव खोडलं होतं. पुढची तारीख चार महिन्यांनी.

जावईबापूंना वाटलं, आता काही आपली धडगत नाही. पण तसं काही झालं नाही. बायको पलंगाच्या कडेला बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तोवर डोळा गेला तर हो?" ती म्हणाली. "मी त्यांना तोंडावर म्हटलं, कोण वाचणार म्हणून. आता त्यांनाच वाचता आलं नाही तर?" इतक्या वर्षांच्या संसारात तिने आवाज चढवलेला जावईबापूंनी पुष्कळदा ऐकला होता. तो असा खाली गेलेला त्यांनी पहिल्यांदाच ऐकला, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दवाखान्यात निघाले. वाटेत छत्री घ्यायला म्हणून सासरेबुवांकडे डोकावले आणि कुठे निघालात या प्रश्नाला खरं उत्तर देऊन बसले.

"तारीख परत मागायला? दवाखान्याच्या खिडकीवर?" सासरेबुवांचे कान टवकारले. "मी येतो. ऑपरेशनला नाही. ऐकायला."

दवाखान्याच्या खिडकीमागे एक टक्कल पडलेला कारकून खाली मान घालून बसला होता. जावईबापूंनी सगळी हकिकत सांगितली. कारकून मान वर न करता म्हणाला, "बघतो."

 या शब्दाचा अर्थ जावईबापूंइतका कुणाला ठाऊक असणार?

"अहो, मी सरकारी माणूस आहे," ते जरा जोरात म्हणाले. "मला वरपर्यंत जाता येतं."

"धमकी," मागच्या बाकावरून आवाज आला.

"तसं नव्हे. तुमच्या दवाखान्याचं नाव फार मोठं आहे. तुमच्यासारखी तत्पर माणसं आहेत म्हणून तर..."

"लाळघोटेपणा."

आता कारकुनाने वर बघितलं. "तुम्ही पाणी खात्यातले ना?" तो म्हणाला. "आमच्या चाळीच्या पाइपासाठी आलो होतो मी तुमच्याकडे. चांगला तीनदा आलो होतो."

अशा वेळी माणसाने जमिनीत गडप व्हावं हे उत्तम, पण दवाखान्याची फरशी मजबूत होती. जावईबापूंच्या ऑफिसातली पत, इमारतीतली अब्रू आणि आता खिडकीबाहेरचा रुबाब, सगळं ओळीने गेलं होतं. राखायला काही उरलंच नव्हतं. ते खिडकीशी वाकणार होते, पण वाकले नाहीत. त्यांनी फक्त आवाज खाली आणला.

"तुमच्या पाइपाचं मी करतो," ते म्हणाले. "तुम्ही आता नाही म्हणालात तरी करतो, ते राहिलंच आहे माझ्याकडून. पण हे ऐका. मागे बसलेत ना ते, त्यांना एकच डोळा आहे. त्याने त्यांना जवळजवळ काही दिसत नाही. कपात बोट घालून चहा ओततात. मला खोकल्यावरून ओळखतात. रविवारी मी खोकलो नाही, तर दारात बसलेल्या मला भिकारी समजले. घर पुस्तकांनी भरलंय, आणि म्हणतात, पुस्तकातलं उदाहरण नको. लोकांच्या बोलण्यातलं हवं म्हणून माझ्या ऑफिसात दिवसभर बसले. वाचता येत असतं तर बसले असते का हो? ते कुणाला कळू नये म्हणून त्यांची धडपड चाललीय, म्हणून मीही कधी दाखवलं नाही. आम्ही समजतोय, ते रुसलेत. मला वाटतं, ते घाबरलेत. हाही डोळा गेला तर, म्हणून. आणि तिकडे माझी बायको रात्रंदिवस त्यांचाच विचार करते, पण दोघंही बोलत नाहीत. मला बोलता येत नाही नीट. पण मला हा माणूस वाचताना बघायचाय पुन्हा. कुठेही बसवा मंगळवारी, सगळ्यात शेवटी बसवा. आज नाही जमलं तर मी उद्या येईन. परवाही येईन. रागावणार नाही."

 कारकुनाने समोरचं रजिस्टर ओढलं, एका नावावर बोट ठेवलं, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला. "मंगळवारी शेवटचा नंबर देतो," तो म्हणाला. "पण तपासण्या आत्ताच्या आत्ता झाल्या पाहिजेत. पेशंटला घेऊन यायला किती वेळ लागेल?"

 ऐकायला आलेल्या माणसाला जावईबापूंनी पेशंट कसं म्हणायचं?

"पेशंट आलाय," मागून सासरेबुवा म्हणाले. ते केव्हाच उठून उभे राहिले होते आणि सदऱ्याची बाही वर करत होते.

रक्तदाब मोजून झाला. मग सासरेबुवा म्हणाले, "तुमचा आवाज खाली आणला तरी भरपूर मोठा आहे."

"चुकलं माझं, बाबा."

"हं." सासरेबुवांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "भिकारी समजलो नव्हतो. पेपरवाला समजलो होतो."

"मग त्या बोलण्याचं काय? घेणार कोशात?" जावईबापूंनी भीत भीत विचारलं.

"लांब आहे फार. आणि घरातलं आहे," सासरेबुवा म्हणाले. उठताना त्यांनी काठी जावयाच्या हातात दिली आणि स्वतः त्याचा दंड धरला. याआधी कधी त्यांनी कुणाचा दंड धरला नव्हता.

दार बायकोने उघडलं. बापलेकीची अशी भेट बघायला जिन्यात काकू होत्या, मॅनेजर होते, आणखीही बरीच मंडळी उगाच पायपुसणी झटकत उभी होती. त्यांची घोर निराशा झाली. ती म्हणाली, "आलात?" ते म्हणाले, "आलो." यापलीकडे दोघांनाही काही जमलं नाही. मंगळवारपर्यंत त्या घरात "जेवता ना?" आणि "जेवतो" यांच्या पुढे गाडी सरकली नाही, आणि मधे जावईबापू दोन्हीकडे बघून उगीच हसत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सोडायला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. डॉक्टरांनी डोळा पुसला, उजेडाकडे वळवला, हळूहळू उघडा म्हणाले आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं विचारली. सासरेबुवांनी खडाखडा सगळी वाचून दाखवली. अगदी खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव बारीक टाइपात होतं, तेही वाचलं आणि त्यात एक चूक आहे असंही सांगितलं. डॉक्टर हसले आणि औषधं लिहायला बाजूला गेले. जावईबापूंनी सुटकेचा श्वास टाकून रिक्षा बघायला म्हणून दाराशी धाव घेतली.

"चला बाबा," लेक म्हणाली आणि त्यांच्या चपला पायांशी ठेवायला वाकली. सासरेबुवा उठले नाहीत. ते तिच्या डोक्याकडे बघत होते.

"हे केस कधी पांढरे झाले गं तुझे?"

तिने पदराने डोकं झाकलं. "झाले असतील. किती वर्षं झाली त्याला."

"मला दिसलेच नाहीत." ते म्हणाले. "दिसत होतं तेव्हाही मान वर करून बघितलं नसेल मी."

"राहू द्या ना आता. डोळ्याला ताण नका देऊ. घरी जाऊ या, हे रिक्षा बोलवताहेत."

"जाऊ या. पण तू जरा बस ना समोर."

"बाबा, बाहेर पेशंट खोळंबलेत."

"थोडाच वेळ बस. मला नीट बघू दे तुला. बस ना, पोरी."

जावईबापू दारात उभे होते. रिक्षा मिळाली आहे हे सांगायला ते आले होते, ते रिक्षावाल्याला थांबवायला परत वळले. तिने चपला बाजूला सारल्या, डॉक्टरांचं स्टूल ओढलं आणि ती वडिलांच्या समोर बसली.